उदमांजराची कॉफी आणि एक काळी बिअर

बंगळुरूला पोस्टिंग असताना कोडगूला जाणं झालं नाही तर माझा कोर्समेट बोलणं टाकेल, एवढी ती जुनी बाकी आहे. अकादमीत आम्ही त्याला नुसतं ‘कूर्गी’ म्हणायचो, अजूनही म्हणतो. लेफ्टनंट कर्नल असताना त्याने फौज सोडली आणि वडिलांचा कॉफीचा मळा सांभाळायला घेतला. गेल्या डिसेंबरात त्याचा फोन आला. “मुलगा डेन्मार्कहून आलाय. एक बाटली आणलीय. तू आलास तर उघडतो, नाहीतर दोघंच संपवू.” शनिवारी पहाटे गाडी काढली.

कोडगूबद्दल फौजी वाचकाला सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की आपल्याकडे सातारा म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं तेच कर्नाटकात या छोट्या जिल्ह्याचं नाव घेतलं की येतं. फील्ड मार्शल करिअप्पा इथले, जनरल थिमय्या इथले. घरटी एक फोटो युनिफॉर्ममधला आणि घरामागे कॉफी. मी पोचलो तेव्हा अरेबिकाची तोडणी चालू होती आणि वाळवणाच्या खळ्यावर लाल-काळी फळं पसरलेली होती.

बाटली तशी लहानच, ३३० मिलिची. नाव ‘बिअर गीक ब्रंच वीझल’. करणारी कंपनी मिकेलर, कोपनहेगनची, २००६ मध्ये सुरू झालेली. स्वतःची भट्टी नसताना दुसऱ्यांच्या भट्ट्यांत बिअर बनवून घेऊन हिने नाव कमावलं. प्रकार इंपीरियल स्टाउट, ओट घातलेला. अल्कोहोल १०.९ टक्के. आणि आत कॉफी, तीही व्हिएतनामची, उदमांजराच्या पोटातून आलेली.

हे वाचून नाक मुरडणाऱ्यांनी जरा थांबावं. उदमांजर रात्री मळ्यात येऊन पिकलेली फळं निवडून खातं. गर पचतो, बी तशीच बाहेर पडते. ती धुऊन, वाळवून, भाजून जी कॉफी होते तिला जगात वेडा भाव आहे. कूर्गीच्या मळ्यातही उदमांजरं आहेत. सकाळी बांधाच्या दगडांवर त्यांची विष्ठा पडलेली असते, त्याने मला दाखवली, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी दिसते. मी विचारलं, विकत का नाहीस? म्हणाला, “एकदा भाव आला की पिंजरा येतो. इंडोनेशियात तेच झालं. माझी मांजरं फुकट खाऊ देत.”

संध्याकाळी व्हरांड्यात बसलो. मुलाने बाटली वीस मिनिटं आधीच फ्रिजमधून काढून ठेवली होती. मी ‘बर्फ?’ म्हणालो तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एकेकाळी उलट्या बाजूने नकाशा धरणाऱ्या कॅडेटकडे पाहायचो. “अंकल, ही फार गार असली तर चवच लागत नाही.” तिघांत ती बाटली वाटली. प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या कपापेक्षा किंचित कमी.

ओतताना ती गाडीच्या सम्पमधून काढलेल्या जुन्या तेलासारखी दिसली. वर बदामी फेस. पहिल्या घोटात मला फक्त कडू लागलं आणि वाटलं, हे एवढ्या लांबून आणायची काय गरज होती. दुसऱ्या घोटात काकवी सापडली. तिसऱ्यात, भाकरी तव्यावर जरा जास्त राहिली की तिच्या काळ्या ठिपक्यांना येते ती चव. कॉफी मात्र सगळ्यात शेवटी आली, घोट गिळून झाल्यावर, नाकातून. ती आमच्या घरची कॉफी नव्हे. आमच्याकडे कॉफी म्हणजे उपासाला किंवा कुणाला बरं नसताना आईने जायफळ घालून केलेली, दुधात हरवलेली. ही काळी, किंचित आंबूस, आणि बराच वेळ न जाणारी. सोबत डुकराच्या मांसाचे काचमपुळी घातलेले सुके तुकडे होते. काचमपुळी म्हणजे कोकमाच्या नात्यातल्या फळाचा आटवलेला काळा आंबट रस. आंबट आणि कडू एकत्र आले तेव्हा मी बोलायचं थांबलो, आणि हे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

मुलाने समजावून सांगितलं, की स्टाउटचा काळा रंग कॉफीचा नसतोच. बार्ली जवळजवळ काळी होईपर्यंत भाजतात, कॉफीची बी भाजतात तशीच. म्हणजे दोघींचं नातं भट्टीतच जुळलेलं. कॉफी बरेच जण शेवटी, गार पाण्यात भिजवून काढलेल्या अर्काच्या रूपात घालतात. उकळली तर नको तेवढी कडू होते. ‘इंपीरियल’ हा शब्द रशियाच्या दरबारामुळे आला. अठराव्या शतकात लंडनच्या साउथवर्कमधली थ्रेलची भट्टी सम्राज्ञी कॅथरीनच्या दरबारासाठी खास कडक काळी बिअर पाठवत असे.

हा इतिहास ऐकताना मला दुसरा आठवत होता, आपल्या जवळचा. आज सगळे इंडिया पेल एलचं कौतुक करतात, पण कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानातला साधा गोरा शिपाई प्यायचा ती पोर्टर, म्हणजे या स्टाउटचीच थोरली बहीण. आणि नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट बघत पडून राहिलेले शिपाई ऊन, रिकामपण आणि दारू यांनी असे बिघडायचे की इंग्रजीत वेडसर माणसाला ‘डूलाली’ म्हणू लागले. देवळालीचाच अपभ्रंश. २००९ साली पुण्यात पहिली मायक्रोब्रुअरी निघाली तिने हेच नाव घेतलं. तोफखान्याच्या आम्हा सगळ्यांचं शिक्षण देवळालीत होतं, त्यामुळे या शब्दावर आम्ही हक्काने हसतो. शब्दामागचा माणूस मात्र आम्हाला कधी आठवत नाही. काम संपलेला, घरी न पोचलेला, हातात बाटली असलेला शिपाई.

तर हिशोब असा. ३३० मिलिमध्ये १०.९ टक्के म्हणजे साधारण ३६ मिलि शुद्ध अल्कोहोल. आपल्या ४२.८ टक्क्यांच्या रमच्या ६० मिलिच्या पेगमध्ये २५.७ मिलि असतं. म्हणजे ती अख्खी बाटली मोठ्या दीड पेगांपेक्षाही कमी. तिघांत वाटल्यावर प्रत्येकाने जेमतेम एक छोटा पेग घेतला, तोही पाऊण तासात. मी घड्याळ बघितलं आणि मनात म्हटलं, वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत एक छोटा पेग पाऊण तास कधी चालला होता? उत्तर सोपं होतं. कधीच नाही.

फौजेत आपण दारू मोजायला शिकतो, चाखायला नाही. छोटा, बडा, पटियाला. कोट्यात महिन्याला किती, बडाखान्याला माणशी किती. आणि सगळ्यात वाईट माप म्हणजे ‘कॅपॅसिटी’. अमुक साहेबांची कॅपॅसिटी बघ. किती ढोसली, आणि सकाळी पीटीला पहिला. हे आपण पदकासारखं सांगतो. मीही सांगितलं आहे, आणि एकदा जिथे सांगायला नको होतं तिथे सांगितलं.

माझ्या पहिल्या बॅटरीत एक सुभेदार साहेब होते, सातारा जिल्ह्यातले. मी लेफ्टनंट, मिशीही धड आलेली नव्हती. तोफ कुठे लावायची हे मला देवळालीने शिकवलं, पण जवानाच्या घरून वाईट तार आली तर त्याला ती कुठे बसवून, कोणत्या शब्दांत सांगायची हे त्यांनी शिकवलं. लडाखच्या एका हिवाळ्यात त्यांनी मला रात्री बंकरबाहेर जाऊ दिलं नाही. “साहेब, रम पोटात आहे म्हणून गरम वाटतंय. अंग गार पडत चाललंय, ते कळत नाही.” विज्ञानही तेच सांगतं. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब वाटते ती बाहेर निघून जाणारी असते. हे त्यांना माहीत होतं. तरी ते प्यायचे, भरपूर, आणि सकाळी पीटीला पहिले.

ते पेन्शनला निघाले तेव्हा निरोपाचं भाषण मी केलं. त्यात मी त्यांच्या कॅपॅसिटीचा किस्सा सांगितला. पाऊण बाटली रिचवून पहाटे त्यांनी सर्व्हेचा हिशोब कसा बरोबर मांडला होता, वगैरे. तंबू हसून हसून लोटपोट. तेही हसले. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्या हसल्या होत्या का, हे मला काही केल्या आठवत नाही.

चार वर्षांनी त्यांचं यकृत संपलं. मी पोस्टिंगवर होतो, दहावं-बारावं उलटून गेल्यावर गावी पोचलो. वहिनींनी चहा केला. स्वयंपाकघराच्या फळीवर त्या ओळखीच्या बाटल्या ओळीने धुऊन ठेवलेल्या होत्या, एकीत शेंगदाण्याचं तेल, एकीत फिनाइल, बाकीच्या रिकाम्या. त्या म्हणाल्या, “साहेब, तुमच्याबरोबर होते तोवर बरे होते. सकाळी उठायला काहीतरी कारण होतं.” कॅन्टीनच्या दिवशी पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ते कोटा आणायला जायचे. महिन्यातला तेवढा एक दिवस ते दाढी करून, पॅन्टला इस्त्री करून निघायचे. हे वहिनींनी तक्रार म्हणून नाही सांगितलं, आठवण म्हणून सांगितलं.

व्हरांड्यात हे मी कूर्गीला सांगितलं. आणि माझा नवाकोरा सिद्धांतही, की माणसाला चाखायला शिकवलं तर तो कमी पितो. तो बराच वेळ पेला हातात फिरवत बसला. मग म्हणाला, “तुझ्या सुभेदारांना ही बाटली परवडली असती का? चव हा भरल्या पोटाचा नाद आहे. त्यांना चव नको होती, झोप हवी होती.”

त्याचं बरोबर आहे. जो माणूस झोपेसाठी पितो त्याला काकवी आणि कॉफीच्या गोष्टी सांगून काही होणार नाही. त्याला डॉक्टर हवा, काम हवं, बोलायला कुणीतरी हवं. पण कूर्गीचं पुरतं बरोबर नाही असंही मला वाटतं, आणि गाडी चालवत परत येताना दुसऱ्या दिवशी ते जास्त स्पष्ट झालं. सुभेदार साहेब पहिल्या दिवसापासून झोपेसाठी पीत नव्हते. वीस वर्षं ते आमच्या टाळ्यांसाठी प्यायले. झोप नंतर आली. त्या वीस वर्षांत आम्ही कुणीतरी, निदान मी तरी, ‘किती’ विचारणं बंद करू शकलो असतो.

दारूबंदी करा असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला मी कोण, संध्याकाळी मीही घेतो. बडाखान्यातली रम एकाच पंगतीत साहेब आणि जवान यांना बसवते, ते मोल मला माहीत आहे. पण परंपरा म्हणून सगळंच राहिलं पाहिजे असंही नाही. ब्रिटिश आरमाराने खलाशांची रोजची रम ३१ जुलै १९७० ला बंद केली. शेकडो वर्षांची चाल होती, त्या दिवशी काहींनी दंडाला काळी फीत बांधली, पण जहाजं बुडाली नाहीत. आपल्याला तर बंदही करायचं नाही. मेसमध्ये नव्या पोराला ‘एका दमात’ म्हणणं थांबवायचं. उंचावर जाणाऱ्या तुकडीला उबेचं खरं सांगायचं, सुभेदार साहेबांनी मला सांगितलं तसं. आणि जवान पेन्शनला निघताना पेन्शनचे कागद, ईसीएचएसचं कार्ड, बँकेची माहिती हे सगळं समजावतो, त्यात एक तास दारूचा असावा, बायकोला शेजारी बसवून. रिकाम्या दुपारी कशा असतात हे सांगायला आधी बाहेर पडलेल्यांपैकी कुणीतरी यावं. उपदेश करणारा नको, भोगलेला हवा.

वाचणाऱ्या माजी सैनिकांपैकी काहींना हे लागेल. लागू दे. काहींचं म्हणणं असेल की साहेब आता विदेशी बिअर पिऊन शहाणे झाले. तेही थोडंफार खरं आहे, ती बाटली मला फुकट मिळाली होती.

माझ्या जुन्या बॅटरीतले दोन हवालदार पुढच्या महिन्यात पेन्शनला निघताहेत, दोघंही आपल्याकडचे, एक खटावचा, एक जतचा. भाषणाला मला बोलावलंय. या वेळी कॅपॅसिटीचा किस्सा नाही. खटावच्याने नर्सरी काढायची ठरवली आहे, जतच्याचं अजून काहीच ठरलेलं नाही, म्हणून आधी त्याच्या घरी जाणार आहे. कूर्गीने दोघांसाठी एकेक किलो कॉफी पाठवली आहे, साधी, मांजराशिवायची. जतला कॉफी कोण पितं, असं मी त्याला फोनवर म्हटलं. तो म्हणाला, जायफळ घालून द्या.