पाटा इथे, वरवंटा तिथे

पौष महिन्यातली गोष्ट. वालाच्या शेंगा भरल्या होत्या आणि त्या रात्री आमच्याकडे पोपटी लावायचे ठरले होते. दुपारी मी अंगणात शेंगा निवडत बसले असताना एक बाई आली. पन्नाशीची असेल. पायात बूट, डोक्यावर उन्हाची टोपी, बरोबर अलिबागेहून आणलेला रिक्षावाला. मला वाटले, जमीन बघायला आलेले गिऱ्हाईक. आमच्या तालुक्यात हल्ली अनोळखी माणूस दिसले की पहिला विचार तोच येतो. बाई पायरीपाशी थांबली आणि म्हणाली, "ताई, हा कुलाबा जिल्हाच ना?"

जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. माझ्या मुलांना कुलाबा म्हटले की मुंबईचे टोकच आठवते. मी काही बोलण्याआधी सासूबाई आतून बाहेर आल्या. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांनी अधू, पण कान तिखट. त्यांनी बाईला गाव विचारले, वडिलांचे नाव विचारले आणि तिचा हातच धरला. "शनवारतेल्यांची नात ना गो तू?"

तुमच्यापैकी जे रायगडकडचे नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत पिढ्यान्पिढ्या बेने इस्राएल लोक राहत होते. धर्माने यहुदी, भाषा मराठी, बायकांचे लुगडे नऊवारी. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी बैल सोडलेला आणि घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवारतेली म्हणत. आडनावे आपल्यासारखीच गावावरून पडलेली : पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, झिराडकर. त्यांच्यात अशी कथा आहे की फार पूर्वी नवगावपाशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि बुडालेल्यांना तिथेच पुरले. त्या जागी आज स्मारक आहे. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि पुढच्या वीसएक वर्षांत यांतली बहुतेक घरे तिकडे गेली. त्यांना इथून कोणी हुसकले नव्हते, ही गोष्ट ते लोक स्वतःच आवर्जून सांगतात. धर्माची ओढ होती, आणि गिरण्यांच्या तेलापुढे घाणाही चालेनासा झाला होता.

या बाईचे आजीआजोबा १९६३ साली गेले. तिचे वडील तेव्हा चौदा वर्षांचे. जाण्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांची चार वर्षांची बहीण तापाने गेली होती. तिला इथेच गावाबाहेर इस्राएलांच्या कबरस्तानात ठेवले आणि वर्ष व्हायच्या आत सगळे निघाले. कबरेवर दगड बसवायचा राहून गेला.

त्यांना राहायला दिले दिमोना हे गाव. वाळवंटात १९५५ मध्ये वसवलेले, समुद्र दूर, झाड म्हणाल तर लावाल तेवढे. आजोबा आणि वडील कापडगिरणीत लागले. बाई म्हणाली, "आमच्या घरात कोणी रडायचं नाही. आजी फक्त पाऊस आला की दारात उभी राहायची. तिथे पाऊस वर्षातून मोजून काही दिवस. तेवढे दिवस तिच्याशी कोणी बोलायचं नाही, एवढं आम्हा पोरांना कळत होतं. का ते कळत नव्हतं."

आत्याचे नाव घरात निघत नसे. वर्षातून एकदा संध्याकाळी आजी एक दिवा लावी. कोणाचा म्हणून विचारले तर म्हणे, "आपल्या माणसाचा."

आणि मुलीला लाज वाटे. हे तिने न लपवता सांगितले, म्हणून मीही लिहिते. आजी लुगडे नेसून शाळेच्या फाटकाशी यायची, मराठीत हाक मारायची, आणि ही ऐकू न आल्यासारखे करून पुढे जायची. त्या लोकांना आधीच कमी त्रास झाला नव्हता. तिथल्या धर्मपीठाने यांचे लग्न लावताना पिढ्यांची चौकशी करण्याचा नियम काढला होता. त्याविरुद्ध ही माणसे जेरुसलेमला रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे १९६४ च्या ऑगस्टात तिथल्या लोकसभेने ठराव केला की हे सर्व बाबतींत इतरांसारखेच यहुदी आहेत. त्याआधी १९५२ मध्ये काही कुटुंबे कंटाळून भारतात परतलीही होती. असे दिवस पाहिलेल्या घरातल्या पोरीला दुसऱ्या पोरींसारखे दिसावेसे वाटले, तर मी तिला दोष देणार नाही. मुंबईच्या शाळेत गेलेली आपली पोरे 'आई, इथे तसं बोलू नकोस' म्हणतात, ते तुम्ही ऐकलेच असेल.

वडिलांनी एकदा तिथे पोपटी लावली होती. मडके मिळाले, वालाच्या शेंगा नाहीत, घेवड्याच्या घातल्या. भांबुर्ड्याचा पाला नाही, म्हणून कसला तरी रानपाला. गवताऐवजी खोक्यांची लाकडे. वाफ आली की नाही ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडले, चर्र झाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मडके फोडले तर आत सगळे करपलेले. वडील तसेच उठले आणि गिरणीत रात्रपाळीला गेले. ती त्या वेळी आठ वर्षांची. "एवढ्याशा शेंगांसाठी माणूस असं का करतो, हे मला समजायला चाळीस वर्षं लागली," ती म्हणाली.

आजी गेली तेव्हा उशीच्या अभ्र्यात एक लहान चांदीचा वाळा सापडला. एकच. मग वडिलांनी आत्याची गोष्ट सांगितली. पुढे वडीलही गेले आणि ही गाव शोधायला लागली. नकाशात कुलाबा जिल्हा सापडेना.

संध्याकाळच्या आत आम्ही कबरस्तानात गेलो. कुंपण एका बाजूने मोडलेले, आत गुरे चरतात, करवंदीची जाळी माजलेली. काही दगडांवर वर इब्री आणि खाली मराठी अक्षरे आहेत, ती अजून लागतात. सासूबाई म्हणाल्या, पोरीला चिंचेखाली ठेवले. चिंच कधीच तुटली. बुंधा कुठे होता त्यावरही वाद. शेजारचे बुवा म्हणाले चिंचेखाली नव्हे, बांधाला लागून, मी खड्डा खणायला होतो. दोघेही हट्टाला पेटले. बाईने दोघांचे ऐकून घेतले. त्यांच्यात कबरेवर फूल वाहत नाहीत, खडा ठेवतात. तिने दोन खडे उचलले, एक एका जागी ठेवला, एक दुसऱ्या. मग तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हटली आणि शेवटी मराठीत, सत्तर वर्षांपूर्वीच्या आमच्या बोलीत, "आलू गो" म्हणाली.

रात्री तिच्यासाठी नवे कोरे मडके वेगळे लावले, कारण आमच्या पोपटीत कोंबडी असते आणि त्यांचे खाण्याचे नियम कडक. तिने शेंगा खाल्ल्या, बोलली काही नाही. सकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघरातला पाटा दाखवला. निघताना तिच्या आजीने दिलेला. ओझे न्यायचे नाही म्हणून. साठ वर्षे आमच्या घरचे खोबरे त्यावर वाटले आहे. आम्ही म्हटले, ने. तिने उचलून पाहिला आणि हसली. विमानात सगळ्या सामानाचेच वजन मोजून देतात. तिने नारळ मागितला, खोवला, खाली बसून वाटला. कमरेतून लचकत, वरवंटा दोन्ही हातांनी धरून, अगदी तिच्या आजीसारखी, असे सासूबाईंचे म्हणणे. शेवटी वरवंटा तेवढा तिने टॉवेलात गुंडाळून नेला.

सासूबाई दोन दिवस चिडचिडल्या, वरवंट्याशिवाय पाटा काय कामाचा म्हणून. खरे तर आमच्याकडे मिक्सर आहे.

कबरस्तानाचे कुंपण आम्ही पाडव्याच्या आत घालून घेणार आहोत; तारा आणल्या आहेत, खांब व्हायचे आहेत. तुमच्या गावात असे एखादे जुने कबरस्तान असेल आणि कोण कुठे पुरले आहे हे ठाऊक असणारे म्हातारे माणूस हयात असेल, तर त्याला घेऊन एकदा जा आणि वहीत लिहून काढा. दोघे असतील तर दोघांचे लिहा.