टाळेबंदीतील वाणसामानाचा हिशेब

संपादक महाशय,


टाळेबंदीत उपाहारगृहे, सहली व लग्नसमारंभ बंद राहिल्याने मध्यमवर्गीयांचा संसारखर्च घटला, असा जो निष्कर्ष गतांकातील पत्रलेखकांनी काढला आहे, तो एकूण खर्चापुरता कदाचित ग्राह्य धरता येईल. वाणसामानास मात्र तो लावणे सर्वस्वी अनुचित होय. आमच्या राजस्थानात २२ मार्च २०२० पासून, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या तीन दिवस आधीच, निर्बंध लागू झाले. आणि दुपारचे जेवण कचेरीत घेणारी माणसे त्रिकाळ घरीच जेवू लागताच आमच्या वाण्याच्या वहीत कणिक, तेल, चहा व साखर यांच्या रकमा वाढत गेल्या, शिवाय सुटी डाळ मिळेनाशी झाल्याने बांधीव पुड्यांची जादा किंमतही निमूटपणे मोजावी लागली. भावांची पाहणीच इतकी अपुरी पडली, की एप्रिल २०२० च्या ग्राहक किंमत निर्देशांकाचा सर्वसाधारण आकडा सरकारने १२ मेच्या पत्रकात दिलाच नाही. मग स्वस्ताईचा दाखला कोणत्या दप्तरातून काढला?

याहून खेदाची बाब म्हणजे या हिशेबात रोजंदारीवर जगणारे कोठेच नाहीत. जवाहर नगरच्या कच्च्या वस्तीत असे लोक राहतात. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत पात्र शिधापत्रिकाधारकांना माणशी दरमहा ५ किलो धान्य मोफत मंजूर झाले, हे खरे; परंतु तेल, मीठ, मिरची रोखीनेच घ्यावयाची, आणि मजुरी तर बंद. पत्रलेखकांनी यापुढे बचतीची गणिते मांडताना या घरांचा खर्चही जमेस धरावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक गृहिणी
जवाहर नगर, जयपूर