साडेतीन हात जमीन

छत्तीसगडातील बस्तर जिल्ह्यात छिंदवाडा नावाचे एक खेडे आहे. तेथील एक ख्रिस्ती धर्मोपदेशक ता. ७ जानेवारी २०२५ रोजी वारले. घरची वडील माणसे गावच्या ज्या भूमीत पुरली आहेत, तेथेच पित्यास मूठमाती द्यावी, एवढीच मुलाची इच्छा होती. गावकऱ्यांनी ती अडविली, हायकोर्टाने दाद दिली नाही, आणि ता. २७ रोजी सुप्रीम कोर्टाचा निकाल लागेपर्यंत वीस दिवस तो देह शवागारात पडून राहिला. निकालातही एकमत नव्हते. न्या. नागरत्ना यांनी मुलाच्या खासगी शेतात दफनास मोकळीक द्यावी असे म्हटले, न्या. शर्मा यांच्या मते, मनास येईल तेथे पुरण्याचा अनिर्बंध हक्क घटनेच्या २५ व्या कलमातून निघत नाही. अखेर प्रेताची आणखी हेळसांड नको म्हणून, वीसपंचवीस किलोमीटरांवरील करकापाल येथील ख्रिस्ती दफनभूमीत दफन करावे, असा हुकूम उभयतांनी दिला.

यावर आमच्यातील सुशिक्षित मंडळी विचारतात की, देह म्हणजे टाकून दिलेले वस्त्र; ते येथे पुरले काय आणि तेथे पुरले काय! हा प्रश्न गीता वाचणाऱ्याच्या तोंडी शोभतो, परंतु ख्रिस्ती मनुष्याची आशा त्याने समजून घेतलेली नाही. ती आशा केवळ आत्म्याच्या अमरत्वापाशी थांबत नाही. ख्रिस्ताची कबर तिसऱ्या दिवशी रिकामी आढळली, आणि म्हणून मेलेली माणसेही देहासह उठतील, ही त्या धर्माची आधारशिला होय. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौल तर स्पष्टच बजावतो की, ख्रिस्त उठला नसेल तर सारा विश्वास फोल आहे. पुरलेल्या देहास तो पेरलेल्या बियाची उपमा देतो, आणि मृत्यूस शेवटचा शत्रू म्हणतो. हा अध्याय पंडिता रमाबाईंनी, समग्र बायबलाबरोबर, मूळ भाषेवरून मराठीत आणला. त्याच रमाबाईंना १९२१ साली आपल्या एकुलत्या एक मनोरमेचा मृत्यू पाहावा लागला. शत्रू हा शब्द त्यांस कोणी समजावून द्यावयास नको होता. स्वतः येशूही लाजराच्या कबरेपाशी रडला, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. अनंत जीवनाची आशा असली म्हणजे शोक उरत नाही, हा समज त्या धर्मग्रंथाचा नव्हे. इंग्रजीतील 'सेमेटरी' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ निजण्याची जागा.

आता हेही खरे की, जळालेला किंवा समुद्रात बुडालेला मनुष्य उठणार नाही, असे तो धर्म म्हणत नाही. रोमन चर्चने १९६३ साली दहनासही मुभा दिली. तेव्हा करकापालला पुरल्याने त्या धर्मोपदेशकाची आशा बुडाली, असे आम्ही म्हणत नाही. परंतु हा दिलासा ख्रिस्ती माणसाने स्वतःस द्यावयाचा आहे. वाट अडविणाऱ्याने तो पुढे करणे निर्लज्जपणाचे आहे. देहास वस्त्र म्हणणारे आपण अस्थी घेऊन नाशिकास जातो, आणि दहाव्या दिवशी कावळा शिवेना म्हणजे घाटावर ताटकळत उभे राहतो! शेजाऱ्यास मात्र वेदान्त सांगावयाचा, हा कोठला न्याय?

ख्रिस्ती समाजासही दोन शब्द ऐकविणे प्राप्त आहे. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर येथील ख्रिस्ती दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्या कबरींमध्ये घातलेली भिंत सर्वश्रुत आहे. शेवटच्या दिवशी सर्वांनी एकत्र उठावयाचे, आणि तोवर निजावयाचे मात्र जातवार, हे कोणत्या पत्रात लिहिले आहे, ते त्यांच्या बिशपांनी सांगावे.

महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने दहनभूमी आणि दफनभूमी या दोहोंचीही व्यवस्था पंचायतींकडे सोपविलेली आहे. ज्या गावात ख्रिस्ती घरे आहेत, तेथील पंचायतीने कोणी मरण्याची वाट न पाहता साडेतीन हात जमिनीचा प्रश्न ग्रामसभेपुढे आणावा. प्रेत दारात असताना हा वाद शहाणपणाने सुटत नाही, असा आमचा वकिलीतील अनुभव आहे.