पांचव्या फेरींतला गडी

अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. तेथें चेंडू लंबगोल असतो, तो बहुतेक वेळ हातांतच असतो, आणि पायाशीं त्याचा संबंध थोडाच येतो. मग नांव असें कां, हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. या खेळाच्या धंदेवाईक संघांची नॅशनल फुटबॉल लीग ही संस्था आहे. तींत ३२ संघ असून, महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांची ते दर वर्षीं पाळीपाळीनें निवड करितात. तिला ड्राफ्ट म्हणतात. ही पद्धति १९३६ सालीं सुरू झाली; १९९४ पासून तिच्या सात फेऱ्या होतात व अडीचशेंच्या आसपास तरुण निवडले जातात. पहिल्या फेरींत नांव पुकारलें गेलें कीं मुलाचें व त्याच्या आईबापांचें भाग्य उघडलें. पांचव्या, सहाव्या, सातव्या फेरींतल्या मुलाविषयीं मात्र जाणते लोक एका ओळींत निकाल देऊन मोकळे होतात: उंची बरी, धांव साधारण, आशा थोडी. हा निकाल कितपत खरा मानावा, याविषयीं चार शब्द लिहावेसे आम्हांस वाटतात. आणि त्यासाठीं आम्ही कॉर्नरबॅक या जागेचा गडी घेतों.

कॉर्नरबॅकचें काम मोठें विलक्षण आहे. प्रतिपक्षाचा रिसीव्हर चेंडू झेलण्यासाठीं धांवतो. त्याला रोखावयाचें तें यानें. रिसीव्हरला आपण कोठें वळणार हें ठाऊक असतें, याला नसतें. तो पुढें तोंड करून धांवतो. यानें त्याच्यावर नजर ठेवून कित्येक पावलें मागें मागें सरावयाचें, तो वळला कीं त्याच क्षणीं कंबर फिरवून वळावयाचें, आणि चेंडू हवेंत असतांना त्याला धरून ठेवावयाचें नाहीं. हुतूतूंत चढाई करणाऱ्यास रोखणारीं मुलें हें थोडें समजूं शकतील. वीस वेळां चोख काम केलें तर कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. एकदां चुकलें कीं हजारों लोकांच्या देखत चुकतें.

निवडीपूर्वीं इंडियानापोलिस शहरीं या तरुणांची परीक्षा होते. ४० यार्ड धांवण्यास किती सेकंद लागले, उडी किती उंच, हात किती लांब, सर्व मोजतात. घड्याळ खोटें बोलत नाहीं हें खरें. परंतु कोणी आडवें नसतांना मुलगा सरळ रेषेंत किती वेगानें धांवला, एवढेंच तें सांगतें. समोरचा मनुष्य आतां काय करणार हें ओळखण्याची बुद्धि त्यांत मोजली जात नाहीं.

रिचर्ड शर्मन याचेंच पाहा. कॅलिफोर्नियांतील कॉम्प्टन गांवचा हा मुलगा; बाप कचऱ्याची गाडी चालवी. शाळेंत आपल्या इयत्तेंत तो दुसरा आला व स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेला. तेथें आरंभीं तो रिसीव्हर होता; कॉर्नरबॅक झाला तो शेवटचीं दोन वर्षें. २०११ च्या निवडींत १५३ नांवें पुकारून झाल्यावर १५४ वें नांव त्याचें आलें, पांचव्या फेरींत, सिअॅटल संघाकडून. त्या संघाचे शिक्षक पीट कॅरल यांस उंच व लांब हातांचे कॉर्नरबॅक हवे होते. दुसऱ्या एखाद्या संघांत तीच उंची दोष ठरली असती. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्याच्या वरचे गडी जायबंदी झाले व त्यास आरंभापासून खेळण्याची संधि मिळाली. २०१३ च्या हंगामांत त्यानें प्रतिपक्षाचे आठ पास मधल्या मध्यें झेलले. साऱ्या लीगमध्यें कोणीं तितके झेलले नाहींत. फेब्रुवारी २०१४ मध्यें सिअॅटलनें डेन्व्हरचा ४३–८ असा पराभव करून सुपर बाऊल जिंकला.

तर मग फेरीला कांहींच अर्थ नाहीं काय? असें आम्ही म्हणणार नाहीं. एका शर्मनमागें, ज्यांचीं नांवें आज कोणास आठवत नाहींत, असे कित्येक आहेत. उन्हाळी सरावास संघापाशीं ९० गडी असतात. हंगामाच्या आरंभीं ५३ उरतात. आमची तक्रार निराळी आहे. पहिल्या फेरीच्या गड्यावर संघानें मोठी रक्कम गुंतविलेली असते. म्हणून तो चुकला तर 'शिकत आहे' म्हणतात. सातव्या फेरीचा चुकला तर 'आम्ही म्हणतच होतों' म्हणतात, कारण त्याला काढून टाकण्यास फारसा खर्च येत नाहीं. एकाच चुकीचे असे दोन भाव झाले, म्हणजे पहिला अंदाज आपोआपच खरा ठरतो, आणि अंदाज करणारे स्वतःची पाठ थोपटून घेतात. यास व्यवहार म्हणा. न्याय म्हणूं नका.

म्हणून अशा मुलाची आशा मोजतांना आम्ही फेरीपेक्षां दुसऱ्या गोष्टी अगोदर विचारूं. चेंडूला लाथ मारून तो दूर धाडतात त्या डावांत, जेथें मोठे गडी सहसा उतरत नाहींत, तेथें हा जीव तोडून धांवेल काय? मुख्य जागा मिळेपर्यंत त्याची भाकरी तेथेंच आहे. शिक्षकास असा गडी हवा आहे काय? आणि त्याच्या पुढें कोण उभा आहे? डॅरन ब्लँड २०२२ सालीं पांचव्या फेरींत १६७ वा निवडला गेला. पुढल्या वर्षीं डॅलस संघाच्या ट्रेव्हॉन डिग्ज याचा गुडघा सरावांत दुखावला आणि ब्लँडकडे मोठी जबाबदारी आली. त्यानें नऊ पास झेलले व त्यांतले पांच थेट गोलरेषेपर्यंत नेले. एका हंगामांत इतके पूर्वीं कोणीं नेले नव्हते. तारीक वूलन हाही त्याच निवडींतला, १५३ वा, आणि शर्मनप्रमाणेंच आधीं रिसीव्हर.

माल्कम बटलर याला तर कोणींच निवडलें नव्हतें. फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बाऊलमध्यें, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असतां, सिअॅटलचा पास त्यानें गोलरेषेवर झेलला व न्यू इंग्लंडचा संघ २८–२४ असा जिंकला. तोच डाव सरावांत त्याच्यावर साधला गेला होता. तो त्यानें ध्यानांत ठेविला होता. तीन वर्षांनीं त्याच संघाच्या सुपर बाऊलमध्यें शिक्षकांनीं त्यास बचावाच्या एकाही डावांत उतरविलें नाहीं. संघ ४१–३३ असा हरला. पुढच्याच महिन्यांत टेनेसीच्या संघानें त्यास पांच वर्षांच्या करारावर घेतलें.