'गुप्तरोग' या शब्दाविरुद्ध

मराठीतून तत्काळ निवृत्त करावेत अशा शब्दांत आम्ही 'गुप्तरोग' या शब्दाला पहिले स्थान देतो. आमचा आक्षेप सोवळ्या भाषाशुद्धीचा नाही. हा शब्द जंतूच्या कृत्याला माणसाच्या चारित्र्याचा दाखला बनवतो, हा त्याचा पहिला अपराध. दुसरा अधिक घातक. काही दिसेल, दुखेल, तोच 'रोग', अशी समजूत तो दृढ करतो.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. क्लॅमिडियाचा संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच जाणवत नाही. उपचारांअभावी गर्भनलिकांना इजा होऊन पुढे वंध्यत्व मात्र येऊ शकते. सिफिलिसचा पहिला व्रण साधारण तीन आठवड्यांनी उमटतो, बहुधा दुखत नाही आणि औषधावाचून भरून येतो. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येऊ शकते, तेही मावळते. मग वर्षानुवर्षे शांतता. जंतू शरीरातच असतात. म्हणूनच वैद्यकाने 'रोग' सोडून 'लैंगिक संसर्ग' ही संज्ञा पसंत केली. आपण मात्र जुन्या शब्दाला कवटाळून बसलो आहोत.

'साहित्यचर्चेत हे कशाला?' असा प्रश्न येईलच. 'सिफिलिस' हे नावच मुळी एका काव्यातून आले आहे, हे त्याचे उत्तर. इटालियन वैद्य व कवी फ्राकास्तोरो याने 1530 साली प्रसिद्ध केलेल्या लॅटिन काव्यात सिफिलस नावाचा मेंढपाळ सूर्यदेवाची अवहेलना करतो आणि शिक्षा म्हणून त्याला ही व्याधी जडते. रोग म्हणजे दैवी दंड, ही कल्पना त्या नावातच गोठलेली आहे. आपल्याकडे सोळाव्या शतकातील 'भावप्रकाशा'ने त्याच व्याधीला 'फिरंगरोग' म्हटले. म्हणजे दोष परक्याचा!

इब्सेनचे 'घोस्ट्स' (1881) घ्या. ऑस्वाल्डच्या व्याधीचे नाव नाटकात उच्चारलेले नाही, पण सिफिलिस सर्वांनी ओळखला आहे. वर्गात सांगितले जाते ते 'पित्याचे पाप पुत्राच्या माथी'. परंतु जन्मजात सिफिलिस बापाकडून थेट मुलाकडे जात नाही. तो गर्भवती आईच्या शरीरातूनच जातो. म्हणजे व्याधी जन्मजात मानायची, तर श्रीमती आल्व्हिंगलाही संसर्ग झालेला असलाच पाहिजे. रंगमंचावर सर्वाधिक बोलणारी ही स्त्री आपल्या समीक्षेला निरोगी दिसते, कारण तिच्यात लक्षण दिसत नाही. 'गुप्तरोग' हा शब्द जी चूक समाजाकडून करवून घेतो, तीच आपण पाठ्यपुस्तकापुढे करतो.

आज त्या स्त्रीला उत्तर मिळू शकते. गरोदरपणाच्या आरंभी केलेली रक्ततपासणी आणि वेळेवर दिलेले पेनिसिलिन बाळाला बहुतांशी वाचवते. क्लॅमिडिया व परम्यासाठी लघवीचा किंवा स्रावाचा नमुना लागतो, एचआयव्हीसाठी रक्त. एकच चाचणी सर्व संसर्ग सांगत नाही, आणि संबंधानंतर फार लवकर केलेली चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती पुन्हा करावी लागते. जोडीदारावर उपचार झाले नाहीत, तर बरा झालेला संसर्ग परत येतो. निरोध धोका पुष्कळ कमी करतो. मात्र नागीण-वर्गातील हर्पिस आणि एचपीव्ही त्वचेच्या स्पर्शानेही पसरत असल्याने तेथे त्याचे संरक्षण अपुरे पडते. यांतले कोणते वाक्य अश्लील आहे?

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 मधील आपल्या मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांच्यावर आपण गौरवपर निबंध लिहितो. त्यांनी ज्या गोष्टींना सरळ नावे दिली, त्या उच्चारताना मात्र आपला आवाज खाली येतो. हा गौरव आम्हांस ढोंग वाटतो.

आमची मागणी माफक आहे. लिहिताना 'लैंगिक संसर्ग' म्हणावे. आणि पुढच्या सत्रात 'घोस्ट्स' शिकवणाऱ्यांनी कॅप्टन आल्व्हिंगच्या पापाबरोबरच श्रीमती आल्व्हिंगच्या रक्ताबद्दलही एक प्रश्न विचारावा.