पथक गेले, विद्याही गेली

मुंबईच्या महिंद्र समूहाने 2011 साली जागतिक मोटारसायकल शर्यतींत पथक उतरविले. 2016 मध्ये ॲसेन येथे फ्रान्चेस्को बान्याया याने त्यास पहिला विजय मिळवून दिला. 2017 अखेर समूहाने, विजेवरील मोटारींच्या शर्यतींकडे लक्ष देण्यासाठी, माघार घेतली. होंडा, बीएमडब्ल्यू, टोयोटा यांनीही 2008-09 च्या मंदीत फॉर्म्युला वनचा त्याग केला होता. पैसा ज्याचा, निर्णय त्याचा. याविषयी आमची तक्रार नाही. आमची खंत निराळी आहे. यंत्र युरोपात घडले, विजयी स्वारही तिकडचाच. म्हणून पथक गेले तेव्हा येथे मागे फारशी विद्या उरली नाही. बीडच्या गॅरेजांत इंजिने खोलणाऱ्या मुलांचे हात त्या यंत्रास लागले असते, तर ही माघारही सोसवली असती. पुढील पथक काढणाऱ्यांनी आधी येथे कार्यशाळा काढावी. विजय मागाहून येईल.