बीपीची गोळी चालू आहे, पण कोलेस्टेरॉल कधी तपासलं?

साताऱ्यात काय, सांगलीत काय, बीपीचा रुग्ण लोणचं-पापड कमी करतो, गोळी घेतो आणि निर्धास्त होतो. कोलेस्टेरॉलची तपासणी मात्र राहून जाते.

रक्तदाब सतत १४०/९० च्या वर राहिला की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते. तिथे 'फ्री रॅडिकल्स' वाढतात. त्यांना आवरायला शरीर कमी पडलं की तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. अस्तरात शिरलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल मग जणू गंजतं. पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि थर साचत जातो. दुखत काहीच नाही, हीच खरी अडचण.

मग अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल घ्याव्यात? माझ्या मते पैसे वाचवा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' चाचणीत साडेनऊ हजार जण होते. त्यात व्हिटॅमिन ई घेऊन हार्ट अटॅक किंवा पक्षाघात टळले नाहीत. सांगलीची हळद भाजीत हवीच (तिला जीआय मानांकनही आहे), पण ती गोळीची जागा घेत नाही. विडी, तंबाखू, मिश्री सुटली तर मात्र फरक पडतो.

कॅप्सूलचे पैसे लिपिड प्रोफाइलला घाला. पुढच्या वेळी डॉक्टरांना बीपीच्या आकड्यासोबत एलडीएलचा आकडाही विचारा. गोळी मनाने बंद करू नका.